विश्वाला हेतू नाही, मग आपण कशासाठी?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ एक अजब यंत्र उभं राहणार आहे. काटकोनात जोडलेल्या दोन नळ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांब, आत जवळजवळ निर्वात पोकळी आणि तिच्यातून धावणारा लेसरचा किरण. नाव 'लायगो-इंडिया'. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अशी दोन यंत्रं अमेरिकेत आधीपासून आहेत आणि त्यांनी १४ सप्टेंबर २०१५ ला पहिल्यांदा गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशातच उठलेली थरथर, पकडली. दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली होती, एकेक आपल्या सूर्याच्या तीस-पस्तीस पट वस्तुमानाचं. टक्कर झाली सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी. पृथ्वीवर तेव्हा सूक्ष्मजीवांपलीकडे फारसं काही नव्हतं. तिथून निघालेली थरथर आपल्याकडे पोचली आणि सेकंदाच्या पाचव्या हिश्शात निघूनही गेली. तेवढ्या वेळात चार किलोमीटरच्या नळीची लांबी बदलली ती एका प्रोटॉनच्या रुंदीच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी.

औंढ्याला आजवर लोक यायचे ते नागनाथाच्या दर्शनाला. आता शास्त्रज्ञही येतील. आणि हे आकडे कुणी चहाच्या हॉटेलात मोठ्याने वाचून दाखवले की कुणीतरी म्हणणारच, "मग आपण कामून एवढी मरमर करायलोत?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विश्वाचं वय साधारण १,३८० कोटी वर्षं, पृथ्वीचं ४५४ कोटी. अजून शंभरेक कोटी वर्षांत सूर्य इतका तापेल की समुद्र उरणार नाहीत, आणि पाचशे कोटी वर्षांत तो फुगून विझायला लागेल. यात आपला सातबारा, आपली बदली, आपल्या पोरीचं लग्न कुठे बसतं? स्टीव्हन वाइनबर्ग हे नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी १९७७ साली लिहून ठेवलं की विश्व जसजसं समजत जातं तसतसं ते अधिकच हेतुशून्य वाटू लागतं. विज्ञान शिकलेल्या पुष्कळ पोरांना हे वाक्य न वाचताही रात्री गच्चीवर झोपताना हेच वाटून जातं.

या लेखात मला एवढंच उलगडून सांगायचं आहे की विश्वाला हेतू नसणं ही एक गोष्ट आणि आपल्या जगण्यात अर्थ नसणं ही दुसरी. पहिली खरी धरली तरी दुसरी तिच्यातून आपोआप निघत नाही. कशी निघत नाही, ते जरा सावकाश पाहू.

आकाराचा धाक

सगळ्यात आधी आकार. विश्व अफाट, आपण चिमूट, म्हणून आपण बिनमोलाचे, असं आपण पटकन म्हणून टाकतो. पण या वाक्याचे दोन तुकडे जोडणारा धागा शोधायला गेलं तर हाताला काही लागत नाही. समजा आपलं शरीर आकाशगंगेएवढं असतं. मग जगणं अर्थपूर्ण झालं असतं का? आकाशगंगेएवढा माणूससुद्धा कंटाळलेला, एकटा आणि निरुपयोगी असू शकतो.

काळाचंही तसंच. थॉमस नेगल नावाच्या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७१ साली याची गंमत दाखवली. आपण म्हणतो, दहा लाख वर्षांनी आज केलेल्या कशालाच काही किंमत उरणार नाही. ठीक आहे. मग त्याच न्यायाने दहा लाख वर्षांनंतरच्या कुठल्याही गोष्टीला आज काही किंमत नसायला हवी. आणि 'दहा लाख वर्षांनी कशाला किंमत उरणार नाही' हीसुद्धा दहा लाख वर्षांनंतरचीच गोष्ट. तिला आज कशाला भाव द्यायचा? शिवाय सत्तर वर्षांचं आयुष्य निरर्थक असेल तर ते ओढून अनंत केल्याने सार्थ होत नाही, निरर्थकपणाच तेवढा लांबतो.

माझ्या मते आकाराची ही भीती खरी असते, पण तिला तर्क म्हणू नये. डोंगराच्या पायथ्याशी उभं राहिल्यावर पोटात जे होतं, तीच ती.

कारण एक, हेतू दुसरा

आता खरा गुंता. एखादी गोष्ट का झाली, असं विचारताना आपण दोन प्रश्न एकात कालवतो. ती कशाने घडली, आणि ती कशाकरता घडली.

लोहार खुरपं घडवतो. पात्याला बाक का दिला, याचं एक उत्तर भट्टीत आणि घणाच्या ठोक्यांत आहे. दुसरं उत्तर असं की पिकाच्या मुळाला धक्का न लागता तण निघावं. खुरपं तयार होण्याआधीच ते कशाकरता हे लोहाराच्या डोक्यात पक्कं असतं. आपण आयुष्यभर अशाच वस्तूंत वावरतो, म्हणून आपल्याला वाटतं की प्रत्येक गोष्टीमागे असा एक लोहार असणारच. पावसामागे, रोगामागे, आपल्या जन्मामागे.

गेल्या चारशे वर्षांत विज्ञानाने केलं ते एवढंच की पहिल्या प्रश्नाची उत्तरं दुसऱ्या प्रश्नाला हात न लावता मिळवायची पद्धत शोधली. डार्विनने १८५९ साली हीच पद्धत जीवसृष्टीला लावून दाखवली. पक्ष्याचा पंख उडण्यासाठीच घडवलाय असं वाटतं, पण तो घडायला घडवणारा लागत नाही. बारीकसारीक फरक, त्यातले टिकणारे आणि न टिकणारे, आणि भरपूर वेळ, एवढ्यावर काम भागतं.

हे पुस्तकात वाचायला सोपं आहे. मराठवाड्यात एका पहाटे ते सोपं राहिलं नव्हतं.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून दमलेली गावं झोपलेली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं काही सेकंदांत ढिगारा झाली. सरकारी आकडा आठ हजार मृतांच्या घरात आहे, काही अंदाज दहा हजारांपर्यंत जातात. ज्यांनी ते पाहिलं ते आजही सालाने बोलत नाहीत. "भूकंपाच्या आधी" आणि "भूकंपाच्या नंतर" अशी त्यांची कालगणना आहे.

का झालं? भूगर्भशास्त्राचं उत्तर असं. भारताची भूपट्टी वर्षाला काही सेंटिमीटर उत्तरेकडे सरकते आणि हिमालयापाशी आशियाच्या भूपट्टीला रेटते. त्या रेट्याचा ताण पट्टीच्या पोटातही साठतो. दख्खनचा भाग स्थिर समजला जायचा, पण तिथेही जुन्या कमकुवत जागा आहेत. त्यातली एक सरकली. धक्का ६.२ च्या आसपासचा होता, म्हणजे जगाच्या हिशेबाने फार मोठा नव्हे, पण अगदी उथळ होता. आणि घरं माळवदाची. दगडमातीच्या जाडजूड भिंती, वर लाकडाच्या आधारावर मातीचा जड थर. उन्हाळ्यात गारवा देणारी, पिढ्यान्‌पिढ्या चांगली मानलेली घरं. तीच अंगावर आली.

यात कारण पूर्ण आहे. कुठे गाळलेली जागा नाही. तरीही ज्या बाईची दोन लेकरं त्या भिंतीखाली गेली तिला हे उत्तर सांगून बघा. तिचा प्रश्न हा नव्हताच. तिला विचारायचं होतं, माझीच का? कुणाचं काय वाईट केलं होतं? आणि आजूबाजूला उत्तरं देणारे कमी नव्हते. कुणी म्हणालं देवाचा कोप, कुणी म्हणालं पाप वाढलं. युरोपातही हेच झालं होतं. १ नोव्हेंबर १७५५ ला, ऐन सणाच्या सकाळी, चर्च भाविकांनी भरलेली असताना लिस्बन शहर कोसळलं आणि तिथल्या विचारवंतांची पुढची कित्येक वर्षं त्याच प्रश्नावर भांडण्यात गेली.

मला इथे विज्ञानाचं कोरडं उत्तर जास्त माणुसकीचं वाटतं. भूपट्टीला किल्लारी माहीत नव्हती. तिने कुणाला निवडलं नाही, कुणाला शिक्षा केली नाही. म्हणजे त्या बाईच्या लेकरांच्या मरणात कुठलाही निवाडा दडलेला नव्हता, आणि तिने स्वतःत खोट शोधत बसायची गरज नव्हती. विश्व हेतुशून्य आहे या वाक्याची ही बाजू आपण सहसा पाहत नाही. ते वाक्य आधार काढून घेतं हे खरं, पण ते आरोपही काढून घेतं.

मग हेतू कुठे होता? ढिगारा उपसणाऱ्यांच्या हातात होता. बाहेरगावाहून ट्रक भरभरून भाकऱ्या आल्या, त्यात होता. पुढे धक्का सोसतील अशी घरं बांधून नवी गावठाणं वसली, त्या नकाशांत होता. जमिनीच्या पोटात नव्हता, तिच्यावर राहणाऱ्यांत होता.

ठरवून दिलेला अर्थ

इथे श्रद्धावान वाचक थांबवतील. तुम्ही परस्पर ठरवून मोकळे झालात की मागे कुणी नाही. आमच्या लेखी सगळं त्याच्यातच आहे.

ही बाजू मराठवाड्याला कुणी शिकवायला नको. नामदेव इथल्याच नर्सीचे. विसोबा खेचरांची कथा औंढ्याच्याच देवळाशी जोडून सांगतात. विसोबा पिंडीवर पाय ठेवून पहुडलेले. नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय जिथे ठेवतील तिथे पिंड उभी राहू लागली. ज्याला हे मनापासून दिसतं त्याच्यापुढे या लेखातला प्रश्नच उभा राहत नाही, आणि त्याला तो पाडून देण्याचा माझा काही इरादा नाही. माझं म्हणणं फक्त एवढंच की ज्याला ते दिसत नाही, किंवा दिसत होतं पण दिसेनासं झालं, त्याचाही रस्ता बंद होत नाही.

पण वरून ठरवून आलेल्या अर्थाला दुसरी एक बाजू आहे आणि तीही याच मातीत दिसते. शतकानुशतकं इथल्या कित्येक माणसांना त्यांच्या जन्माचा हेतू अगदी स्पष्ट सांगितला जात होता. तू अमुक घरात जन्मलास, तमुक काम करणं हेच तुझं विहित, ते निमूट करशील तर पुढचा जन्म बरा येईल. विश्वाला व्यवस्था होती, प्रत्येकाला जागा होती, जागेला कारण होतं. अर्थाचा कसलाच तुटवडा नव्हता. आणि तो अर्थ गळ्यातल्या फासासारखा होता.

१७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत कॉलेज सुरू केलं. त्याला पुढे मिलिंद महाविद्यालय हे नाव पडलं आणि परिसराला नागसेनवन. ज्यांच्या जन्माचा हेतू दुसऱ्यांनी लिहून ठेवला होता त्या घरांतली पोरं इथे येऊन तो खोडून स्वतः लिहायला शिकली. विश्वात आपला हेतू आधी लिहिलेला नाही हे ऐकून कुणाला भीती वाटते आणि कुणाच्या अंगावरचं ओझं उतरतं, हे तो माणूस आधी कुठे उभा होता यावर बरंच अवलंबून असतं. पॅरिसच्या कॅफेत बसून अर्थशून्यतेवर लिहिणाऱ्यांना ही गोष्ट फारशी दिसली नसावी.

त्या दोन नावांमागची गोष्टही आपल्या कामाची आहे. मिलिंद हा ग्रीक वंशाचा राजा, नागसेन बौद्ध भिक्खू. राजा वाद घालायला आला. नागसेनाने विचारलं, महाराज, आलात कसे? राजा म्हणाला, रथाने. मग दाखवा रथ. आस म्हणजे रथ का? नाही. चाक? नाही. जू, दांडी, लगाम? नाही. मग हे सगळं सोडून आणखी कुठे रथ आहे का? तेही नाही. राजाला कबूल करावं लागलं की हे भाग विशिष्ट रीतीने एकत्र आले की त्याला रथ म्हणतात, भागांच्या आत किंवा पलीकडे रथ नावाची वेगळी चीज नाही.

नागसेनाला यातून 'मी'बद्दल बोलायचं होतं. मी ते थोडं पुढे ओढतो. कृष्णविवरांत अर्थ शोधला, सापडला नाही. अणूंत शोधला, नाही. मेंदूतल्या पेशींत शोधला, तिथेही नाही. म्हणून अर्थ नाहीच, असं म्हणणं म्हणजे रथाचे सगळे भाग सुटे करून बघायचे आणि मग राजा चालतच आला असं जाहीर करायचं. ज्यांना भूक लागते, दुखतं, कुणाची काळजी वाटते, असे जीव एकमेकांच्या सहवासात राहू लागले की अर्थ उभा राहतो. दगडाला काहीच गमवायचं नसतं, म्हणून दगडापाशी तो नसतो. विश्वात दिसणारा फार मोठा भाग वायू आणि दगड आहे, म्हणून दुर्बिणीतून तो दिसत नाही. यात दुर्बिणीचा काही दोष नाही.

मग काहीही चालेल?

ज्याँ-पॉल सार्त्रने १९४५ मध्ये पॅरिसच्या एका भाषणात सांगितलं ते थोडक्यात असं: माणूस खुरप्याच्या उलट आहे. (त्याने उदाहरण कागद कापायच्या सुरीचं दिलं होतं, पण मुद्दा तोच.) आधी हेतू आणि मग वस्तू, असं माणसाचं होत नाही. आधी तो जन्मतो, मग आपल्या कृतींनी ठरवत जातो की तो कशासाठी.

ऐकायला छान. पण यावर गावाकडचा कुणीही शहाणा माणूस विचारेल, मग दिवसभर पारावर बसून पत्ते कुटणं हाच माझा अर्थ असं मी ठरवलं तर? ठरवलं म्हणून तो झाला का?

मला वाटतं, नाही झाला. इथे सुसान वुल्फ या अमेरिकी तत्त्वज्ञ बाईंचं म्हणणं जास्त पटतं. त्यांच्या मते अर्थ जुळून यायला दोन बाजू लागतात. एक, ते काम आपल्याला आतून ओढणारं हवं. दोन, ते काम खरोखरच मोलाचं हवं, केवळ आपल्याला तसं वाटतं म्हणून नव्हे. रील्स बघत रात्रीचे दोन वाजवणाऱ्यापाशी पहिली बाजू आहे, दुसरी नाही. मन मारून वीस वर्षं चांगली सरकारी नोकरी केलेल्यापाशी दुसरी आहे, पहिली नाही. दोघांनाही एक दिवस पोकळ वाटू शकतं, पण पोकळी वेगवेगळी असते आणि तिच्यावरचा इलाजही वेगळा.

मानसशास्त्रज्ञ हीच गोष्ट मोजायच्या सोयीने तीन धाग्यांत सोडवतात. आपलं आयुष्य आपल्याला समजतंय का, त्याला दिशा आहे का, आणि आपण असण्या-नसण्याने कुणाला फरक पडतो का. यातला तिसरा धागा, माझ्या बघण्यात, सगळ्यात आधी तुटतो. जपानमध्ये ओसाकी भागातल्या ४३ हजारांहून अधिक प्रौढांचा सात वर्षं मागोवा घेतला गेला, निष्कर्ष २००८ मध्ये आले. आपल्या जगण्याला काही मतलब आहे असं ज्यांना वाटत नव्हतं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. यावरून अर्थ सापडला की आयुष्य वाढतं असं कुणी विकायला लागलं तर ऐकू नका. आजारी माणसाला जगण्यात रस कमी वाटतो, असंही असू शकतं. पण दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून चालतात एवढं दिसतं.

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही ऊसतोड करणाऱ्या गावात दसऱ्यानंतर जा. कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन कारखान्याकडे गेलेली असते. गावात म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी पोरं. आजी पहाटे चूल पेटवते, भाकऱ्या थापते. नातवाच्या दप्तराची चेन तुटलेली आहे, तिथे ती आपल्या पोलक्याची पिन काढून लावते. पोरगं शाळेत गेलं की शेळी, पाणी, सरपण. रात्री फडावरून फोन येतो, स्पीकरवर. नातू गणिताच्या पेपरचं सांगतो, धाकटी मध्येच रडते. शेवटी आजी फोन हातात घेते आणि म्हणते, "पोरं जेवल्यात. तू जेवलास का?" गुडघ्याचं ती सांगत नाही.

तिला आयुष्याच्या अर्थाबद्दल विचारलं तर ती आधी आपल्याकडे काळजीने बघेल. तीन धाग्यांची यादी तिच्यासमोर ठेवायची सोय नाही, पण तिन्ही तिच्या दिवसात आहेत. ती नसली तर काय होईल हे तिला अगदी नेमकं माहीत आहे.

आता इथेच सावध व्हायला हवं, कारण असे प्रसंग लिहून शहरात बसलेल्यांना गहिवरून आणणं सोपं आहे. आजीच्या दिवसात अर्थ आहे, म्हणून तिचा मुलगा मुकादमाच्या उचलीत बांधलेला असणं बरोबर ठरत नाही. तिच्या गुडघ्याला औषध हवंच आहे. छळछावण्यांतून वाचलेले व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी सांगितलं की अटळ दुःखातही माणूस अर्थ शोधू शकतो. त्यातला 'अटळ' हा शब्द लोक गाळून टाकतात. टळण्याजोगं दुःख आधी टाळायचं, हे त्यांनीच बजावलं होतं.

कुणी पाहिलं नाही तर?

एक शंका तरीही शिल्लक राहते. सगळं मिटणारच असेल तर?

अजिंठ्याला पाचव्या शतकात कारागिरांनी कडा कोरला, अंधाऱ्या दालनांच्या भिंतींवर गिलावा चढवून चित्रं रंगवली. मग आश्रय तुटला, काम थांबलं. चोविसाव्या क्रमांकाचं लेणं अर्धवटच राहिलंय, खांब दगडातून नुसते बाहेर येऊ लागलेले. पूर्ण झालं असतं तर ते तिथल्या सगळ्यात मोठ्या विहारांपैकी एक ठरलं असतं. पुढे भिक्खूही गेले आणि वाघूर नदीच्या त्या वळणावर रान माजलं. हजारेक वर्षं बाहेरच्या जगाला ही लेणी नव्हतीच. एप्रिल १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ती दिसली. (आसपासच्या लोकांना ती ठाऊक होतीच, पण 'शोध' साहेबाने लावला की लागतो.) त्याने दहाव्या लेण्यात चित्रावरच आपलं नाव आणि तारीख खरवडली.

मला इथे दोन माणसं शेजारी ठेवून बघावीशी वाटतात. स्मिथला नाव टिकवायचं होतं. ते टिकलं, आणि आज गाईड ते दाखवतात तेव्हा बघणाऱ्यांच्या तोंडून कौतुक काही निघत नाही. चित्रकाराने नाव ठेवलं नाही. त्याचं चित्र हजार वर्षं कुणी विचारलं नाही. त्या हजार वर्षांत ते निरर्थक होतं का? आणि १८१९ मध्ये एकाएकी पुन्हा अर्थपूर्ण झालं? असं म्हणणं विचित्र वाटतं. त्याने ज्या दिवशी मन लावून तो चेहरा रंगवला त्या दिवशीच ते काम करण्याजोगं होतं. नंतर कुणी पाहिलं की नाही याने त्या दिवसात काही घटवध होत नाही. उद्या ती भिंत पडली तरी तो दिवस तसा गेला होता, ही गोष्ट सूर्यालाही बदलता येणार नाही.

चोविसाव्या लेण्यातल्या कारागिरांचं काय, हा प्रश्न मात्र मला अवघड वाटतो. तिथे जे ठरवलं होतं ते झालंच नाही. अपुरं काम आणि वाया गेलेलं काम यात फरक आहे असं मी मानतो, पण छिन्नी खाली ठेवणाऱ्या माणसाला त्या संध्याकाळी तसं वाटलं असेल याची खात्री देत नाही.

हा प्रश्न कधी तत्त्वज्ञानाचा नसतो

एक गोष्ट थोडक्यात, पण स्पष्ट. जगण्यात काही अर्थ नाही, हे वाक्य दोन अगदी वेगळ्या जागांहून येतं. एक म्हणजे वर सांगितलेली गच्ची. दुसरी जागा म्हणजे सलग पडलेला दुष्काळ, सावकाराचा तगादा, आठवडेच्या आठवडे न लागलेली झोप. तिथून हे वाक्य आलं तर समोरच्याला नेगल किंवा नागसेन सांगत बसू नये. कर्जाला कर्जाचा उपाय लागतो आणि नैराश्याला डॉक्टरचा. माणूस अचानक गप्प गप्प झाला, निरवानिरवीचं बोलू लागला, तर सरळ विचारावं, मनात जीव द्यायचं येतं का? विचारल्याने ते डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नये. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास आणि फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

ध्येय गाठल्यावर

शेवटी आपल्याकडचा सगळ्यात ओळखीचा घोटाळा. लातूर पॅटर्नमध्ये मराठवाड्यातल्या हजारो घरांनी पोरांचं आयुष्य ओतलंय. एका खोलीत तीन-चार कॉट, मेसचा डबा, भिंतीला चिकटवलेलं वेळापत्रक आणि 'नीट'चे ७२० मार्क. त्या दोन वर्षांत त्या पोराला अर्थाचा प्रश्न पडत नाही, कारण सकाळी सहापासून सगळं ठरलेलं असतं. प्रश्न पडतो निकालाच्या नंतर. ज्याला सीट मिळाली नाही त्याला पडतोच, पण ज्याला मिळाली त्यालाही पहिल्या वर्षी हॉस्टेलवर पडतो, आणि तो कुणाला सांगता येत नाही. एवढं मिळवून आता कसलं रडगाणं, असं ऐकायला लागेल म्हणून.

ध्येय गाठलं की संपतं. संपण्यासाठीच ते असतं. अर्थ ज्याच्यातून येतो ते असं एका तारखेला संपत नाही. 'सरकारी मेडिकलला नंबर लागला पाहिजे' हे ध्येय. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात आजी चार तास बाकड्यावर बसून होती आणि तिच्याकडे कुणी बघितलं नाही, हे ज्या पोरीच्या मनात रुतलंय, तिच्यापाशी ध्येयाच्या मागे आणखी काही आहे. तिचे तीस मार्क कमी पडले तर तिला दुःख होईलच. पण नर्सिंग आहे, फार्मसी आहे, लॅब आहे, त्याच बाकड्यापर्यंत जाणाऱ्या आणखी चार वाटा तिला दिसू शकतात. ज्याच्याकडे फक्त ७२०चा आकडा होता त्याच्यापुढे तो आकडा गेला की भिंत उरते.

म्हणून पोराला पाडव्याला, दिवाळीला घरी आणल्यावर टेस्ट सिरीजचा रँक विचारून झाला की आणखी एक विचारता येतं: डॉक्टर झालास तर पहिल्यांदा कुणाला तपासायला आवडेल? बहुतेक पोरं खांदे उडवतील. सतराव्या वर्षी याचं उत्तर तयार असावंच असं काही नाही.